माडावरचा पत्रा बघ, मग ब्रश उचल

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे गंजाचेच निघाले, पावसाळ्याचा परिणाम असणार, घरातली कात्री गंजली की माणसाला मिनिएचरवरचा, म्हणजे वॉरहॅमरसारख्या टेबलावरच्या खेळातल्या इवल्याशा सैनिकांवर रंगवायचा, गंजही सुचतो. त्यातले चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर फार लांबलंय, पण त्या मुलाने केलेली चूक मी पूर्ण एक वर्ष केली होती, त्यामुळे हात आवरला नाही.

प्रश्न : ताई, मी गुहागरचा, सेकंड इयरला आहे. पुण्याच्या मित्राने वॉरहॅमरचा स्केवनटाइड बॉक्स घेतला, त्यात स्केवन म्हणजे उंदीर-माणसं आणि स्टॉर्मकास्ट म्हणजे चिलखती योद्धे अशा दोन फौजा, त्याला फक्त स्टॉर्मकास्ट पाहिजे होते म्हणून उंदीर त्याने मला अर्ध्या किमतीत दिले. वीस क्लॅनरॅट (साधे उंदीर-सैनिक) सध्या टेबलावर आहेत. मला एकदम घाणेरडी, गंजलेली, गटारातून वर आलेली फौज पाहिजे. पाच रंगवून झाले, काळा प्रायमर, त्यावर लेडबेल्चर (गडद चांदीसारखा), मग टायफस करोजन (मळकट तपकिरी), मग रायझा रस्ट (केशरी), कपडे ब्राऊन, केस पण ब्राऊन, आणि बेस जांभ्याचा लाल कारण आमच्याकडे सगळीकडे जांभाच. जवळून भारी वाटतात पण हातभर लांब ठेवले की चॉकलेट बर्फीचे पाच तुकडे. आई म्हणाली हे शेणात पडले होते का. रंग चुकले की स्कीमच चुकली? उरलेले पंधरा कसे करू? बजेट जवळपास नाहीच.

उत्तर : आईने बरोबर ओळखलंय बघ. रंग एकही चुकलेला नाही, टायफस करोजन आणि रायझा रस्ट ही जोडी गंजासाठी सगळं जग वापरतं आणि ती चालतेच. घोळ असा झालाय की तू गंज हा रंग समजलास आणि तो सगळ्यांना सारखा वाटलास, म्हणजे लग्नात वाढपी कसा पंगतीत एका टोकाकडून सुरू करतो आणि कुणाला सोडत नाही तसं. केस ब्राऊन, कपडा ब्राऊन, लोखंड ब्राऊन आणि खाली जमीन लाल-ब्राऊन, मग डोळ्याने धरायचं काय?

आधी एक फुकटातली टेस्ट कर. पाचही उंदरांचा मोबाईलवर फोटो काढ आणि तो ब्लॅक अँड व्हाइट कर. चिलखत, केस, कपडा सगळं एकाच करड्या रंगात गेलं असेल, आणि जाणारच आहे, तर कितीही महागडी बाटली आण, लांबून बर्फीच दिसणार. उजेड-काळोखाचा फरक आधी, रंग नंतर. आमच्याकडे दशावताराला बघ ना, रंगपटात जाऊन जवळून बघितलंस तर तोंडावरचा रंग अगदी भडक, काही वेळा हसूच येतं, पण मांडवात शेवटच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही राजा कोण आणि राक्षस कोण ते कळलं पाहिजे म्हणून ते तसंच लागतं. तुझा उंदीर बत्तीस-तेहतीस मिलिमीटरचा आहे, त्याला तर मांडवाच्याही पलीकडून बघतोय आपण.

आता ब्रश ठेव आणि वाडीत जा. गुहागरला राहतोस म्हणजे आजूबाजूला माड असणारच, आणि उंदीर शहाळी खातात म्हणून त्यातल्या एखाद्याला तरी खोडाभोवती पत्रा मारलेला असणार. उंदरांच्या फौजेसाठी उंदरांना अडवणाऱ्या पत्र्याकडे बघायला सांगतेय, कळतंय मला, पण याच्याइतका चांगला मास्तर नाही. माझ्या दारातल्या माडावर असा एक पत्रा आहे, त्याच्यासमोर मी स्टूल टाकून बसले होते, तेव्हा शेजारची काकू कुंपणापलीकडून ओरडली, "गो, झाडाबरोबर बोलतंस काय?"

त्या पत्र्यावर काय दिसतं ते सांगते. बहुतेक भाग गंजलेलाच नाही. तिथे जस्ताचा थर अजून शिल्लक आहे, त्याची चमक गेलीय, मळकट राखाडी झालाय आणि मधे मधे पांढरी पावडर धरल्यासारखे डाग, तो जस्ताचा स्वतःचा गंज. लोखंडाचा गंज सुरू झालाय तो खिळ्यांपाशी आणि पत्रा कापलेल्या कडेला, कारण तिथलं जस्त आधी संपलं. प्रत्येक खिळ्याभोवती नाण्याएवढा जवळजवळ काळा वाटावा असा गडद चट्टा, त्याच्या आत थोडा तांबूस, आणि अगदी एखाद्या ठिकाणी, जिथे पोपडा नुकताच सुटलाय तिथे झेंडूसारखा केशरी. जुना गंज गडद, ताजा गंज केशरी, आपण नेमकं उलटं करतो आणि सगळीकडे केशरी फासतो. मग खिळ्यापासून खाली ओघळ, वर रुंद आणि खाली निमुळता होत खोडावर जाऊन विरलेला. आणि पत्रा वाकवून एकावर एक आणलाय त्या जोडात सगळ्यात जास्त, कारण पाणी तिथे शिरतं आणि लवकर वाळत नाही.

बस, हीच तुझी स्कीम. उंदराला हातात धरून एकच प्रश्न विचारायचा, याच्यावर चार महिने पाऊस पडला तर पाणी कुठे अडेल? रिव्हेटपाशी, पट्ट्याखाली, ढालीच्या खालच्या कडेला, शिरस्त्राणाच्या कानाजवळच्या खाचेत. गंज तिथे, बाकी ठिकाणी मळकट राखाडी. ढालीचा फार तर तिसरा हिस्सा गंजू दे. ओघळ नेहमी जमिनीकडे, ढाल तिरकी धरली असेल तरी जमिनीकडे, हे मुद्दाम सांगतेय कारण मिनिएचर हातात उलटसुलट फिरवत रंगवताना हमखास विसरायला होतं आणि मग ओघळ आकाशाकडे गेलेले दिसतात, माझ्याकडे अजून असा एक गॉब्लिन आहे.

हत्याराचं वेगळं. त्यासाठी घरातली कोयती बघ. पाठ काळपट-तपकिरी, मुठीजवळ जिथे घामाचा हात लागतो आणि पुसला जात नाही तिथे गंज, पण धार मात्र पांढरीशुभ्र, कारण ती रोज दगडावर घासली जाते. वापरातली कोयती कधी धारेला गंजलेली बघितलीस? तुझे उंदीर लढायला निघालेत, तेव्हा तलवारीची नुसती कड चमकव, एक बारीक चांदीची रेघ, एखाद-दोन ठिकाणी तुटलेली. ही एक रेघ काळ्या-तपकिरी पात्याशेजारी आली की गंज आपोआप दुप्पट गंजका दिसतो. सगळं कळकट केलं की कळकटपणा मोजायला काही उरत नाही ना.

आता बाकीचे रंग. गंज केशरीकडे झुकतो, त्याच्या समोर निळसर हिरवा उभा केला की दोघंही उठतात. तेव्हा कपड्यांचं ब्राऊन सोड आणि बंदरावर पडलेल्या जुन्या नायलॉनच्या जाळ्याचा रंग घे, उन्हाने विटलेला, राखाडी पडलेला हिरवट निळा. झगझगीत नको, त्यात थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून मारून टाक त्याला. केस थंड राखाडी-काळे. शेपूट, कान, नाक, पंजे मात्र फिक्के गुलाबी, तिथेच तो जिवंत आहे असं वाटतं. आणि डोळे लाल नको करू, सगळे करतात, पण गंजाच्या शेजारी लाल हरवतो. स्केवनांचा वॉर्पस्टोन हिरवा चमकणारा असतो, तोच हिरवा डोळ्यात एक टिंब. पूर्ण उंदरावर झगझगीत म्हणावा असा तेवढाच रंग.

जांभ्याचा बेस मला सुद्धा आवडला असता रे, आपल्या मातीवर आपली फौज, पण लाल मातीवर लाल गंज ठेवला की पाय कुठे संपले आणि जमीन कुठे सुरू झाली कळत नाही. त्यात गंमत अशी की जांभा लाल असतो तोच मुळी त्यातल्या लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, म्हणजे तू गंज गंजावरच उभा केलास. पण जांभा सोडायचीही गरज नाही. पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा, तोच कातळ शेवाळाने काळा-हिरवा झालेला असतो. तो रंग घे. काळपट राखाडी दगड, फटीत थोडा ओला हिरवा, बेसची कड काळी. लालसर एखादाच खडा ठेव मन राखायला.

बजेटचं म्हणशील तर एका इम्पोर्टेड डबीच्या पैशात बाजारात बऱ्यापैकी मासळी येते हे मला पण दर वेळी टोचतं. कॅमलिन नाहीतर फेव्हिक्रिलचे अॅक्रिलिक घे, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, काळा, पांढरा, आणि एक छोटी बाटली मॅट मीडियमची. हे अंबर-सिएना मुळात लोखंडाच्या ऑक्साइडवाल्या मातीचेच रंग, तेव्हा गंजासाठी यांच्यापेक्षा जवळचं नातं कुणाचं नाही. जाड लावू नको, पातळ करून दोन हात दे. भांडी घासायच्या स्पंजचा मऊ भाग घे, कात्रीने न कापता फाडून घे म्हणजे कड ओबडधोबड येते, अंबरमध्ये टेकव, पेपरवर टिपून टिपून जवळजवळ कोरडा कर आणि मग रिव्हेटभोवती हलकेच ठप ठप. वाळला की त्याच डागाच्या आत, बाहेर नाही, सिएना. मग सिएनात जरा ऑकर आणि केशरी मिसळून सुईच्या टोकाएवढं टिंब, ते प्रत्येक रिव्हेटला नको, तीनातल्या एकाला. शेवटी पाण्यासारख्या पातळ सिएनाने ओघळ ओढ आणि त्याचं खालचं टोक ओल्या ब्रशने पुसट कर. वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, घरी करायचा तर अंबर आणि काळा मीडियममध्ये पातळ कर, नुसत्या पाण्यात केलास तर वाळताना कडेला चहाच्या कपासारखी वर्तुळं उमटतात.

आणि गेरू! तुळशीवृंदावनाला लावायला आणतात तोच, किराणावाल्याकडे पुडी मिळते. गेरू म्हणजे सुद्धा लोखंडाचं ऑक्साइडच. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळ, नाकावर रुमाल बांधून, आणि कोरड्या ब्रशने खाचेत नुसता बसव. तो जो भुरभुरीत, हाताला लागेलसा गंज दिसतो ना, तो कुठल्याच ओल्या रंगाने येत नाही. फक्त हात आवर, गेरू चढत जातो आणि शेवटी उंदीर तुळशीपाशी ठेवण्यालायक होतो.

रंगवलेले पाच खरवडू नको. त्यांच्या ढालींवर मधल्या भागात मळकट राखाडी परत आण, कपडे जाळ्याच्या रंगाचे कर, बेस काळा कर, धार चमकव, तासा-दीड तासाचं काम आहे. आणि पंधराला हात घालायच्या आधी एकच पूर्ण करून रात्रभर फ्रीजवर ठेव, सकाळी चहा घेताना स्वयंपाकघराच्या दारातून बघ. दारातून उंदीर दिसला तर पुढे जा. (आईला आधी सांगून ठेव.)

प्रश्न : मी शिरोड्याची. एक लाकडी-लोखंडी तोफगाडा रंगवतेय, रंगाचे पोपडे उडून आतला गंज दिसतोय असं करायचं होतं. मीठ टाकून करतात ते बघून मी आमच्याच आगरातलं जाडं मीठ वापरलं, म्हटलं गावचं मीठ गावच्या तोफेला. जुलैत केलं. मीठ वाळेचना, दुसऱ्या दिवशी पाणी सुटून सगळा चिखल झाला आणि खालचा रंग पण थोडा उठला. कुठे चुकलं?

उत्तर : १९३० साली ज्या शिरोड्यात मिठासाठी सत्याग्रह झाला तिथल्या मुलीला मिठाने फसवलं म्हणजे कमाल आहे. चूक तुमची नाही, मिठाची जात चुकली आणि महिना चुकला. आगरातल्या जाड्या मिठात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून तर पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते आणि आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. ते तोफेवर वाळणार कसं? शिवाय त्या खड्याचा आकार बघा, दोन-अडीच मिलिमीटरचा खडा म्हणजे त्या स्केलला तोफेवरून चहाच्या बशीएवढा पोपडा उडालेला.

करायचंच असेल तर बारीक रिफाइंड मीठ घ्या, तव्यावर कोरडं भाजून घ्या आणि लगेच वापरा. पद्धत तुम्हाला माहितीय असं धरते, तरी एक गोष्ट बहुतेक जण गाळतात म्हणून सांगते, खालचा गंजाचा रंग झाला की त्याच्यावर वार्निशचा एक हात पाहिजेच आणि तो पूर्ण वाळू द्यायचा, तुमचा खालचा रंग उठला तो यामुळेच. मग पाण्याचा नुसता ओलावा, त्यावर मीठ चिमटीने, सगळीकडे सारखं न भुरभुरता कडांना आणि कोपऱ्यांना गच्च, मधे जवळपास नाही. वरचा रंग स्प्रेने किंवा एअरब्रशने, ब्रशने मारलात तर मीठ ब्रशबरोबर निघून येईल. वाळला की अंगठ्याने मीठ झाडा आणि राहिलेलं पाण्याने धुवा, मीठ होतं तिथे खालचा गंज उघडा पडतो.

पण खरं सांगू का, पावसाळ्यात मी मिठाच्या नादी लागतच नाही, हेअरस्प्रे वापरते. गंजाचा रंग, वार्निश, मग साध्या हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, वाळला की वरचा अॅक्रिलिक, अर्ध्या तासाने पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने चोळायचं. पाण्याने खालचा स्प्रे मऊ होतो आणि वरचा रंग तुकड्या-तुकड्याने सुटतो. जास्त वेळ थांबलात तर रंग घट्ट बसतो आणि चोळून चोळून हात दुखतो. पोपडे चाकाच्या आऱ्यांना, तोफेच्या तोंडाशी आणि जिथे माणसं धरून ढकलतात तिथे उडवा, तोफेच्या पोटाखाली कुणाचा हात लागत नाही, तिथला रंग राहू द्या.

स्प्रेचा विषय निघालाच आहे तर माझं पाप पण सांगून टाकते. श्रावणात दोन सरींच्या मधे ऊन पडलं म्हणून मी अंगणात जाऊन बारा गॉब्लिनांना मॅट वार्निशचा स्प्रे मारला. दमट हवेत तो स्प्रे दुधाळ होतो हे मला पाठ होतं, तरी मारला. पाच मिनिटांत सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. त्यावर ब्रशने ग्लॉस वार्निश दिलं तेव्हा बराचसा रंग परत आला, तीन गॉब्लिन मात्र तसेच राहिले, त्यांना आता मी भुतं म्हणून खेळवते. जून ते सप्टेंबर ब्रशनेच वार्निश करा, स्प्रेच्या बाटल्या नवरात्र झाल्यावर काढा.

प्रश्न : मुरुडला राहतो, जंजिरा दिसतो घरातून. बुडालेल्या चाच्यांची भुतं अशी फौज करतोय, तीस एक आहेत. सगळ्या धातूला गंज देऊ की काही हिरवं पण करू? आणि समुद्राखालून आलेत ते कसं दाखवू?

उत्तर : हिरवं कराच, पण कुठलं हिरवं आणि कुठलं लाल ते आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तिसाव्या भुतापर्यंत तुमचा स्वतःचा गोंधळ होतो. लोखंड लाल-काळं. तांबं, पितळ, कासं हिरवं-निळं. सोनं आहे तसंच. तलवारी, साखळ्या, नांगर लोखंडाचे. बकलं, बटणं, तलवारीची मूठ, कंदील पितळेचे. आणि सरदार असेल त्याच्या गळ्यात एक सोन्याची साखळी, अगदी स्वच्छ पिवळी, शेकडो वर्षं पाण्यात राहून तिला काही झालेलं नाही. ती एक साखळी दाखवली की बाकीच्यांचं काय झालंय ते वेगळं सांगायला लागत नाही.

हिरव्यासाठी घरातली समई घ्या, बरेच दिवस न घासलेली. फुगीर भाग हात लागून लागून पिवळाच राहिलेला असतो आणि प्रत्येक कड्याच्या खाली, जिथे चिंच लावलेलं फडकं पोचत नाही, तिथे हिरवं किटण. तेच करायचं. आधी पितळी रंग, त्यावर तपकिरी वॉश, मग निहिलाख ऑक्साइड (तयार मिळणारा हिरवट-निळा रंग) किंवा पांढऱ्यात थोडा हिरवा-निळा मिसळून पातळ केलेला रंग खाचांत सोडायचा आणि लगेच बोटाने फुगीर भाग पुसून घ्यायचा. बोटानेच, टिश्यूने खाचेतला पण शोषला जातो.

आता पाण्याखालून आल्याचं. इथे एक बारीक गोष्ट आहे. जे लोखंड पूर्ण वेळ पाण्याखाली असतं त्याच्यापेक्षा जे ओलं-कोरडं होत राहतं, लाटांचे शिंतोडे खातं, ते जास्त भराभर गंजतं, कारण तिथे मीठही आहे आणि हवाही भरपूर. रत्नागिरीला मिऱ्याच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ते बसरा स्टार जहाज येऊन बसलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच गंजत राहिलं, त्याचे फोटो तुम्ही पण बघितले असतील, अर्ध्या कोकणाने त्याच्यासमोर सेल्फी काढलेत. ते फोटो समोर ठेवून रंगवा. म्हणजे तुमची भुतं कायम तळाशी झोपलेली असतील तर त्यांचं लोखंड काळपट, त्यावर वाळू-चुन्याचा पांढरट थर आणि केशरी अगदी नावाला. रोज भरतीला वर येऊन माणसं धरणारी असतील तर भरपूर केशरी. मला विचाराल तर दुसरी, त्यांना काहीतरी कामधंदा तरी आहे.

होडीच्या बुडाला चिकटतात ते पांढरे टोकदार शंख दाखवायला काही जण रवा चिकटवतात. तो आपल्याकडे नको, महिन्याभरात मुंग्या नाहीतर बुरशी, माझ्या एका भुताच्या खांद्याला खरोखरचे केस आले होते. किनाऱ्यावरची वाळू गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुवून, वाळवून, चहाच्या गाळणीतून चाळून घ्या, जाडे कण वर राहतील ते पाच-सहाच्या झुबक्याने पातळ फेव्हिकॉलवर बसवा, हाडाच्या रंगाने रंगवा. खांदा, बुटाचं टोक, ढालीची एक बाजू. सगळ्या अंगावर नको, ते मग तिरफळं लावलेल्या बांगड्यासारखं दिसतं.

प्रश्न : मी दापोलीचा, वय ७१. नातू सुट्टीला येतो आणि दिवसभर खिडकीत बसून प्लॅस्टिकची नवीकोरी माणसं रंगवतो, आणि मग त्यांच्यावर चिखल, गंज, डाग पाडतो. आमचा जन्म गेटाला रेड ऑक्साइड मारण्यात गेला, गंज चढू नये म्हणून. आणि हा पैसे खर्चून गंज चढवतो. हे काय आहे ते कृपया समजावून सांगावं.

उत्तर : आजोबा, नमस्कार. हा टेबलावर फौजा मांडून फाशांनी खेळायचा खेळ आहे, त्यातला सगळ्यात गाजलेला वॉरहॅमर १९८३ साली इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप कंपनीने काढला. पट्टीने अंतर मोजून फौज पुढे सरकवायची, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. रंगवणं हा त्यातला अर्धा खेळ, काही जण तर खेळतच नाहीत, नुसते रंगवतात, मी त्यातलीच होत चाललेय.

आता नवीन वस्तू घाण का करायची. दुकानातून आलेली ती माणसं एका साच्यातली असतात, सगळी सारखी. कुणाची ढाल गंजलेली, कुणाची पुसून लख्ख ठेवलेली, कुणाच्या बुटाला गुडघ्यापर्यंत चिखल, असं केलं की कोण आळशी, कोण टापटिपीचा, कोण लांबून चालत आलाय ते कळायला लागतं. तुम्ही नाही का बाजारात एखाद्याची कोयती बघून सांगत, हा काम करतो की नुसता कमरेला अडकवून फिरतो?

आणि रेड ऑक्साइडचं म्हणाल तर तुम्ही दोघं एकाच डब्यात ब्रश बुडवताय, त्या रंगातली लाल पूड म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच. म्हणून एक विनंती आहे. तुमच्या गेटाकडे इतकी वर्षं बारीक लक्ष देणारा माणूस त्या पोराला दुसरा मिळणार नाही. त्याला एकदा गेटापाशी घेऊन जा आणि गंज पहिल्यांदा कुठे धरतो ते दाखवा, बिजागरीत, वेल्डिंगच्या जोडाला, खालच्या आडव्या पट्टीत जिथे पाणी साचतं तिथे. एखादा सुटलेला पोपडा असेल तर तोडून त्याच्या हातात द्या, मागची बाजू पण बघायला सांगा, ती वरच्यापेक्षा काळी असते. आणि तो खिडकीत बसतो ती खिडकी पश्चिमेची असेल तर त्याला सकाळी पूर्वेकडे बसवा, संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात सगळंच गंजलेलं दिसतं, मग पोरगं रंग कमी लावतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिडतं.